परत येणारे सोने

पावसाळ्याचे तीन महिने मिटून असलेले ताडोब्याचे गाभाक्षेत्र १ ऑक्टोबरला उघडले, की इरई धरणाच्या काठचे मोहर्ली हे एरवी शांत असणारे गाव पहाटेच्या अंधारातच जागे होते. प्रवेशद्वाराशी उघड्या जिप्सींची रांग लागते, गावातलीच शिकलीसवरलेली मुले-मुली वाटाड्याचा गणवेश चढवून पाहुण्यांचे परवाने तपासून घेतात, आणि मुंबई-पुणे-हैदराबादेकडून आलेली मंडळी वाघाचे दर्शन घडावे अशी मनोमन प्रार्थना करीत आत निघून जातात. गेल्या आश्विनात अशाच एका पहाटे, गाड्यांचा आवाज साग-बांबूच्या रानात विरून गेल्यानंतर, मी चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र उलगडून बसलो होतो. त्याचे पहिले संपूर्ण पान दागिन्यांच्या जाहिरातीने व्यापले होते. कामावर निघालेली एक वृद्ध स्त्री शेजारी टेकली होती, तिने त्या पानाकडे बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, “बापू, सोन्याचा भाव काय सांगून रायला पेपर?”

मी आकडा सांगितला. तिच्या मुद्रेवर आश्चर्य उमटले नाही. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती आणि त्या पोतीत सोन्याचा एकही मणी उरलेला नव्हता. तीवरून बोट फिरवीत ती म्हणाली, “घेतलं तवा सोनार तोळाभर म्हणे. बुढ्याच्या दवाखान्यापायी मोडाले गेली, तं पाऊण तोळा बी भरलं नाही. भाव कितीबी वाढो, बापू, आमचं तं वजनच कमी होते.”

त्या वेळी माझ्या पिशवीत जी टिपणे होती, ती एका मोठ्या मराठी जवाहिऱ्याच्या कारकिर्दीविषयीची होती. एका प्रांतिक पेढीचे भव्य व्यापारसंस्थेत रूपांतर होण्याचा जो काळ महाराष्ट्राने पाहिला, त्याचे प्रतिनिधी म्हणून अनंत गणेश उपाख्य दाजीकाका गाडगीळ यांच्याविषयी लिहावे, असा माझा संकल्प होता. पण दालनांची संख्या, उलाढालीचे आकडे आणि समभागांचे मूल्य यांच्या आधारे जी कहाणी मी मनाशी रचली होती, ती त्या बाईच्या तीन वाक्यांनी अपुरी ठरविली. सराफाचे मोठेपण तो दागिना विकतो त्या दिवशी मोजायचे, की तोच दागिना अडचणीच्या प्रसंगी त्याच्या दारी परत येतो त्या दिवशी, हा प्रश्न तिने मला, नकळत का होईना, घालून दिला. आणि पुढचे सारे लेखन मी त्या प्रश्नाच्याच उजेडात केले आहे.

गाडगिळांच्या पेढीचा आरंभ १८३२ साली सांगलीत झाला. सांगलीचे संस्थान तेव्हा चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या अंमलाखाली होते आणि गणेश नारायण गाडगीळ यांनी तेथे हा व्यवसाय मांडला. त्या काळच्या सराफाचे काम आजच्या वाचकाला वाटते तसे केवळ दागिने विकण्याचे नव्हते. ‘सराफ’ या अरबी वळणाच्या शब्दाचा मूळ अर्थच नाणी बदलून देणारा असा आहे, आणि कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखात एकच रुपया चालू करण्यापूर्वी जो तो राजा, जो तो सरदार आपापल्या टांकसाळीतून आपापल्या कसाचे नाणे पाडीत असल्यामुळे, कोणत्या रुपयात चांदी किती, कोणत्या नाण्यावर बट्टा किती, हे सांगणारा माणूस हा त्या काळच्या व्यवहाराचा कणा होता. शेतकऱ्याला, सावकाराला, पागेतल्या शिलेदाराला आणि सरकारी खजिन्यालाही त्याच्या निवाड्यावर अवलंबून राहावे लागे. म्हणजे या धंद्याची मूळ भांडवली वस्तू सोने नव्हे, तर ‘याने सांगितले ते खरे’ अशी लोकांची खात्री ही होती. महाराष्ट्रात आजही नावारूपास असलेल्या कितीतरी पेढ्या याच शतकात उभ्या राहिल्या. बारामतीचे चंदूकाका सराफ आपला आरंभ १८२७ मध्ये सांगतात, जळगावचे राजमल लखीचंद १८५४ मध्ये. आणि त्यांच्या पाट्यांवर ही साले जी ठळक अक्षरांत कोरलेली असतात, त्यांचे कारण एवढेच, की इतकी वर्षे लोक आमच्याकडे परत येत राहिले, ही या व्यवसायातली सर्वांत मोठी शिफारस आहे.

ज्यांच्या नावाची आद्याक्षरे पुढे त्रिखंडी झाली ते पुरुषोत्तम नारायण गाडगीळ या घराण्यातले. दाजीकाकांचा जन्म १९१५ सालचा. संस्थानी सांगलीतल्या त्या पेढीचे संस्कार घेऊन, वयाची चाळिशी ओलांडल्यानंतर, १९५८ साली त्यांनी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दुकान मांडले. आज लक्ष्मी रस्ता म्हटला की दागिन्यांची दालने डोळ्यांसमोर येतात. परंतु सव्वाशे वर्षांची जुनी गादी सोडून, परक्या शहरात, जिथे सोन्या मारुतीच्या परिसरात आधीच सराफांच्या पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या होत्या तिथे, नव्याने पाय रोवणे हे चाळिशीनंतरच्या माणसाचे साहस होते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. गिऱ्हाईक होते ते शिक्षक, कारकून, वकील, किर्लोस्कर-बजाज यांसारख्यांच्या कारखान्यांमुळे हळूहळू आकाराला येत असलेला नवा नोकरदार वर्ग. वर्षभर पै-पै साठवून दसऱ्याला किंवा गुरुपुष्याला अर्धा तोळा घेणारे हे लोक. त्यांच्यापाशी ऐश्वर्य नव्हते, चिकित्सा मात्र होती.

आणि पाचच वर्षांत आभाळ कोसळले. १९६२च्या चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलनाची टंचाई आणि सोन्याची चोरटी आयात यांना आळा घालण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा हुकूम जारी केला. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडविण्याला मनाई झाली. बावीस कॅरटच्या पिवळ्याधमक सोन्याला सरावलेल्या समाजाला चौदा कॅरटचे फिकट, तांबूस सोने म्हणजे सोनेच वाटेना. गिऱ्हाईक थांबले, आणि त्याचा पहिला वज्राघात पेढीच्या धन्यावर नव्हे, तर बागेसरीसमोर फुंकणी घेऊन बसलेल्या कारागिरावर झाला. पिढीजात सोनार देशोधडीला लागले, काहींनी मृत्यूला जवळ केले, कित्येकांनी मिळेल ती मोलमजुरी पत्करली. पुढे सवलती मिळत गेल्या, चौदा कॅरटची अट गेली. पण १९६८च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने सराफाच्या दप्तरावर सरकारची करडी नजर कायम ठेवली. परवाने, साठ्याच्या नोंदवह्या, तपासण्या, जप्तीची टांगती तलवार. आणि सामान्य माणसाला घरात लगड किंवा बिस्कीट बाळगायला बंदी. हा कायदा १९९० साली रद्द झाला. दाजीकाकांच्या पुण्यातील कारकिर्दीची सत्तावीस वर्षे अशी सरकारी निर्बंधांच्या छायेत गेली. आपली मालवस्तूच कायद्याने संशयित ठरविलेली असताना जो व्यापारी आपले नाव निष्कलंक राखतो, त्याच्या कसोटीचे मोल शांततेच्या काळात पाचपट नफा मिळविणाऱ्यापेक्षा अधिक आहे, असे माझे मत आहे.

गाडगिळांच्या पेढीची लोकांच्या मनातली खूण कोणती, असे पुण्या-सांगलीच्या जुन्या गृहिणीला विचारले, तर ती एखाद्या रत्नजडित हाराचे नाव घेणार नाही. ती ‘वेढणी’ म्हणेल. चोख सोन्याच्या तारेचे साधे वेढे. नक्षी नाही, खडा नाही, कोंदण नाही. आकार अलंकाराचा, परंतु आशय लगडीचा. गुरुपुष्यामृताला एक ग्रॅमचे, दोन ग्रॅमचे वेढणे घ्यायचे, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवायचे, आणि मुलीच्या लग्नात अशी जमलेली वेढणी पेढीवर नेऊन त्यांच्या पाटल्या करून आणायच्या, ही कित्येक मराठी घरांतली अलिखित वहिवाट आहे. मला या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. ज्या वस्तूत घडणावळ जवळजवळ नाही, म्हणजे सराफाला जिच्यात कमाईला वाव सर्वांत कमी, आणि जी एक ना एक दिवस त्याच्याच दारी परत यायची हे घेतानाच ठरलेले, त्या वस्तूवर या पेढीचे नाव उभे राहिले. वेढणे विकणारा माणूस दागिना विकत नसतो. पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे वचन तो तोलून देत असतो.

या वचनाचे तांत्रिक अंग वाचकाने नीट समजून घ्यावे, म्हणून जरा तपशिलात शिरतो. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, हे जुने माप. आजच्या व्यवहारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, आणि घटीचा पहिला भ्रम इथूनच उत्पन्न होतो. आजीच्या तोंडचा तोळा आणि दुकानदाराच्या काट्यावरचा तोळा एक नव्हे. दुसरी घट डागात असते. दागिन्याचे सुटे भाग जोडायला जो जोड लावावा लागतो, त्यात तांबे, चांदी किंवा अन्य हीण मिसळलेले असते. पोतीतल्या बारीक मण्यांना, साखळीच्या शेकडो कड्यांना जोड अधिक, म्हणून आटवल्यावर कस कमी. तिसरी घट लाखेत. बोरमाळेचे, पोतीचे मणी पोकळ असतात आणि आकार टिकावा म्हणून आत लाख भरतात. घेताना लाखेसकट तोल झाला असेल, तर मोडताना लाख जळून जाते आणि तिच्याबरोबर बाईचा विश्वासही. चौथी घट खड्यांची, पाचवी वापरातल्या झिजेची. आणि या सर्वांहून मोठी घट, जी कोणत्याही तराजूवर दिसत नाही, ती मुळातच कमी कसाचे सोने बावीस कॅरट म्हणून दिलेले असण्याची. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढून, त्यावर तेजाबाचा थेंब सोडून रंग पाहण्याची जी विद्या आहे, ती सराफाला येते, गिऱ्हाइकाला येत नाही. ज्ञानाची ही विषमता हाच या व्यवसायाचा नैतिक प्रश्न आहे. मोहर्लीच्या त्या बाईच्या पाव तोळ्याचे काय झाले, हे मी सांगू शकत नाही. या पाचांपैकी एक किंवा सहावे कारण असेल. पण तिला ते घेताना कोणी सांगितले नव्हते, एवढे निश्चित.

ही विषमता किती खोल होती, याचा साक्षात्कार देशाला ज्या संस्थेने घडविला, तिची कहाणी इथे आठवते. टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक महामंडळ यांच्या भागीदारीतून १९८४ साली स्थापन झालेल्या टायटन या घड्याळांच्या कंपनीने, झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली, नव्वदच्या दशकात दागिन्यांच्या व्यवसायात पाऊल टाकले. होसूरला कारखाना उभारला, ‘तनिष्क’ हे नाव घेतले आणि १९९६ साली चेन्नईत पहिले दालन उघडले. निष्क हा वेदकाळापासूनचा शब्द. गळ्यातला सुवर्णालंकार आणि पुढे सोन्याचे नाणे असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. नाव प्राचीन, पण माल पाश्चात्त्य वळणाचा होता: अठरा कॅरटचे, रत्नजडित, नाजूक दागिने. भारतीय गृहिणीने त्याकडे पाठ फिरवली. व्यवसाय तोट्यात गेला, आणि तो बंद करावा असाही विचार झाला. त्याला सावरणारे जे उपाय निघाले, त्यांत सर्वांत परिणामकारक दोन होते. एक, क्ष-किरणांनी क्षणार्धात कस सांगणारे कॅरटमीटर नावाचे यंत्र दालनात ठेवून कोणाचेही सोने उघडपणे तपासून देणे. आणि दुसरा, बावीस म्हणून विकत घेतलेले जे सोने प्रत्यक्षात एकोणिसाच्या आसपास भरत होते, ते स्वीकारून केवळ घडणावळ घेऊन बावीस कॅरटचा दागिना बदलून देणे. यंत्रावर आकडा उमटला, की कित्येक स्त्रिया दालनातच स्तब्ध उभ्या राहत. देसाईंनंतर २००२ ते २०१९ या काळात भास्कर भट यांनी ही संस्था चालविली आणि दागिने हाच टायटनचा सर्वांत मोठा व्यवसाय झाला. लाखो घड्याळे विकणारी संस्था ज्या क्षणी सराफ म्हणून मान्यता पावली, तो क्षण दागिना विकण्याचा नव्हता, दुसऱ्याने विकलेला दागिना परत घेण्याचा होता. सांगलीच्या पेढीला जे पिढ्यांच्या सहवासाने साधले होते, ते होसूरच्या कारखान्याला यंत्राच्या साहाय्याने सिद्ध करावे लागले; पण साधायचे होते ते एकच.

मोहर्लीत बसून हे लिहिताना या मातीचे एक जुने दुखणे मला पुनःपुन्हा आठवते. चंद्रपूर-गडचिरोलीचा हा मुलूख आज रत्नांसाठी कोणाच्या लक्षात नाही. वाघ, कोळसा, बांबू, तेंदूपत्ता, आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज, एवढीच त्याची ओळख उरली आहे. परंतु आरमोरी तालुक्यातले वैरागड हे एकेकाळी हिऱ्यांच्या खाणीसाठी हिंदुस्थानभर विख्यात होते. ‘वज्राकर’ म्हणजे हिऱ्यांची खाण, हे त्याचे संस्कृत रूप; आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या गोंड राजाच्या, बाबाजी बल्लाळशहाच्या, ताब्यातील या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. चांद्याच्या ज्या राणीने आपल्या पतीची, बीरशहाची, समाधी बांधली आणि महाकालीचे देवालय उभारले, तिचे नाव हिराई. पण वैरागडच्या हिऱ्यांचे पैलू इथे पडले नाहीत, बाजार इथे भरला नाही, आणि या प्रदेशाच्या गळ्यात त्यांतला एकही दाणा राहिला नाही. महाराष्ट्रातल्या पोरीबाळी ‘वज्रटीक’ म्हणून जो गळ्याबरोबरचा दागिना घालतात, त्याच्या नावात वज्र आहे. वज्रभूमी मात्र काळ्या मण्यांवरच राहिली.

राजेरजवाड्यांच्या जवाहिराचीही अखेरची गत आमच्या मोहर्लीच्या बाईपेक्षा फार निराळी झाली नाही. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले, डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, आणि राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात लिलावाने विकले गेले. त्या काळच्या इंग्रज इतिहासकारांनाही त्याची लाज वाटल्याचे त्यांच्या लिखाणात दिसते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून जे दोन पेराच्या आकाराचे, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे हिरे घेतले, ते त्यांच्या पुत्राच्या कारकिर्दीत १९४६ साली अमेरिकेच्या हॅरी विन्स्टनकडे गेले. युरोपातील पेढ्यांचीही कथा याच वळणाची आहे. कार्तिए घराण्याचे तीन भाऊ पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तीन गाद्या सांभाळीत. त्यांतला झाक १९११च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास हिंदुस्थानात येऊन संस्थानिकांशी व्यवहार जोडून गेला. पिएर कार्तिए १९६४ साली निवर्तला आणि त्याच्या आगेमागच्या काही वर्षांत तिन्ही शाखा कुटुंबाच्या हातून गेल्या. आज तेच नाव एका स्विस समूहाच्या मालकीचे आहे आणि त्याचे प्रमुख नेमले जातात, बदलले जातात. घराणे जाते आणि नाव उरते, तेव्हा त्या नावाने दिलेली वचने कोणी पाळायची, हा प्रश्न आता आपल्याकडेही आला आहे.

दाजीकाका १० जानेवारी २०१४ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले. त्यांच्या हयातीच्या अखेरच्या पर्वातच, २०१२च्या सुमारास, घराण्यात व्यवसायाची वाटणी झाली, आणि आज गाडगीळ हे नाव एकापेक्षा अधिक स्वतंत्र संस्थांच्या पाट्यांवर आहे. त्यांपैकी पी. एन. गाडगीळ ज्वेलर्स या कंपनीची धुरा दाजीकाकांचे नातू सौरभ गाडगीळ यांच्याकडे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक या नात्याने आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या कंपनीने समभागांची ११०० कोटी रुपयांची सार्वजनिक विक्री केली. ४८० रुपयांना दिलेला समभाग १७ सप्टेंबरला बाजारात आठशेच्या वर उघडला, आणि उभ्या राहिलेल्या रकमेपैकी सुमारे ३९३ कोटी रुपये महाराष्ट्रात बारा नवी दालने उघडण्यासाठी राखून ठेवल्याचे कंपनीने जाहीर केले. आजोबांनी चाळिशीनंतर एक दुकान मांडले, नातू एका विक्रीत बारा दालनांची तजवीज करतो; या गतीविषयी मला आदर आहे. मराठी माणसाला व्यापार जमत नाही, हा जो दुबळा समज आपण स्वतःच जोपासला, त्याला हे सणसणीत उत्तर आहे. पण या गतीने प्रमुखाच्या कर्तव्याचे स्वरूपही पालटले आहे. पेढीचा धनी गल्ल्यापाशी बसे, तेव्हा परत आलेला डाग त्याच्या हाती येई, आणणाऱ्याचा चेहरा त्याला दिसे, आणि गावात आपले नाव काय राहील, ही चिंता त्याला रात्री जागवी. आजच्या प्रमुखापुढे तिमाहीचे आकडे येतात. त्यांत नव्या विक्रीला ठळक जागा असते. परत आलेल्या सोन्यावर गिऱ्हाइकाला काय मिळाले, किती कापले गेले, किती जणी समाधानाने गेल्या आणि किती खाली मान घालून, याचा रकाना समभागधारकांच्या अहवालात नसतो. तो असावा, असे मला अगदी मनापासून वाटते.

सरकारने आपल्या परीने पुष्कळ केले आहे. भारतीय मानक ब्युरोने सोन्यावर प्रमाणचिन्ह उमटविण्याची योजना २००० साली आणली, जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. तो क्रमांक ब्युरोच्या भ्रमणध्वनीवरील ‘बीआयएस केअर’ या साधनात घातला, की दागिना कोणी नोंदविला, कुठे तपासला गेला आणि कस किती, हे कळते. ज्ञानाची जी विषमता मी वर सांगितली, तिच्यावर हा फार मोठा उतारा आहे. तथापि नियमाच्या सवलती बारकाईने वाचल्या, की मन खिन्न होते. ज्या जिल्ह्यात निदान एक परीक्षणकेंद्र असेल तिथेच सक्ती. चाळीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानदाराला माफी. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला माफी. आणि कुंदन, पोलकी, जडाव यांनाही माफी. म्हणजे अतिश्रीमंतांचा जडावाचा हार आणि अतिगरिबांचा चिमुकला मणी, दोन्ही या संरक्षणाबाहेर राहिले. हार घेणाऱ्यापाशी वकील असतो, पारखी असतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हातान्हात पुडे बांधून मिळालेल्या मजुरीतून तालुक्याच्या लहान दुकानात एक डोरले, एक नाकातली चमकी, चार मणी घेणाऱ्या बाईचा माल मात्र वजनाने दोन ग्रॅमच्या आत, दुकान उलाढालीने चाळीस लाखांच्या आत, आणि जिल्हा नकाशाच्या कडेला. तिन्ही दारे तिला एकदम बंद.

इथे एक गोष्ट, विषयाला किंचित सोडून, पण या गावाशी इमान राखून सांगितली पाहिजे. जुन्या घरांतून अजूनही कधीमधी सोन्यात मढवलेले वाघाचे नख बाहेर येते. आजोबांनी नातवाच्या गळ्यात बांधलेले, दृष्ट लागू नये म्हणून. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा ठरविला आहे. अशी वस्तू मोडीत आली असता तिचे सोने काढून घेऊन नख मागच्या दाराने वाटेला लावणारा दुकानदार आणि ती वस्तू हाती धरायलाच नकार देऊन आणणाऱ्याला वनखात्याकडे जाण्याचा सल्ला देणारा दुकानदार, या दोघांतला भेद मोहर्लीसारख्या गावाला सर्वांत अधिक कळतो, कारण इथल्या चुली आज वाघाच्या जिवंत असण्यावर पेटतात. या बाबतीतही सराफाची परीक्षा वस्तू परत येण्याच्या प्रसंगीच होते.

कारागिरांविषयी दोन शब्द न लिहिता पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. पुण्याच्या पेठांतून आणि मुंबईच्या झवेरी बाजारातून आज जी मुले पाठ वाकवून बसलेली असतात, त्यांतली बहुसंख्य बंगालची आहेत; सोने त्यांना तोलून मिळते, तोलून परत द्यावे लागते, आणि ठरलेल्या घटीपलीकडचा प्रत्येक कण त्यांच्या मजुरीतून वजा होतो. पूर्व विदर्भातले सोनझारी सराफ्यातल्या गटारांतली माती आणि नदीची वाळू काथवटीत धुऊन त्यांतून सोन्याचे रजःकण वेचतात आणि त्यावर संसार चालवतात. एका कणाचा हिशेब या धंद्याच्या तळाशी इतका कठोर आहे. मग वरच्या मजल्यावर, विकत घेणाऱ्या बाईच्या पाव तोळ्याचा हिशेब ढिला का असावा?

म्हणून महाराष्ट्रातील मोठ्या पेढ्यांच्या आजच्या प्रमुखांना, मग ते घराण्याच्या वारशाने आलेले असोत वा संचालक मंडळाने नेमलेले, माझी नम्र विनंती आहे. आपण दागिन्याबरोबर जी पावती देता, तिच्यावर मराठीत, साध्या डोळ्यांनी वाचता येईल अशा अक्षरांत, सोन्याचे निव्वळ वजन वेगळे, खड्यांचे वेगळे, लाखेचे वेगळे लिहावे. घडणावळ किती घेतली ते लिहावे. आणि हाच नग उद्या आपल्याकडे मोडीत आला, तर त्यातून काय कापले जाईल आणि काय मिळेल, हे विकतानाच छापून द्यावे. दोन ग्रॅमच्या आतल्या मण्यालाही, कायद्याने माफी दिली असली तरी, आपण आपल्या नावाने हे वचन द्यावे. बारा नव्या दालनांपैकी एखादे कधी चंद्रपुरात उघडलेच, तर त्याच्या दर्शनी भागात कस तपासण्याचे यंत्र मोफत ठेवावे, आणि मोहर्ली-मूल-सिंदेवाहीकडून एसटीने आलेल्या बाईने दुसऱ्याकडून घेतलेले डोरले पुढे केले, तरी तिला तो आकडा सांगावा, कागदावर लिहून द्यावा.

आणि वाचकहो, या दिवाळीत तुम्ही सोने घ्याल, तेव्हा भाव विचारण्याआधी दुकानदाराला विचारा: हे मी परत आणले, तर तुम्ही मला किती द्याल? उत्तर तोंडी घेऊ नका, पावतीवर लिहून घ्या. ती पावती दागिन्यापासून वेगळ्या जागी, पण तितकीच जपून ठेवा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईलाही हे सांगा, आणि तिच्या दागिन्यावर ओळखक्रमांक असेल, तर तुमच्या भ्रमणध्वनीवर तो एकदा तिच्यादेखत तपासून पाहा.